डाव्या बाजूच्या जखमा

"लांबी किती होती, डॉक्टर?"

"छोटीच होती हो."

"छोटी म्हणजे किती?"

पलीकडून घोट घेतल्याचा आवाज आला. कॉफी असणार. "अंगठ्याच्या नखाएवढी म्हणा."

"कुणाच्या अंगठ्याच्या?"

"मार्लिस, इथे बाहेर सात पेशंट बसलेत."

"बसलेत ना. त्यातले निम्मे परवा माझ्याकडे येणार. त्यांचीही लांबी तुम्ही लिहिणार नाही, आणि मग मी परत फोन करणार. त्यापेक्षा एक पट्टी घ्या आणि खिशात ठेवा. शाळेतल्या मुलांकडे असते तसली."

डॉक्टर नादो हसले. त्यांना अल्डर पॉइंटच्या हॉस्पिटलात येऊन दीड वर्षच झालं होतं. हात चांगला होता, त्यांनी घातलेले टाके नंतर दिसायचेसुद्धा नाहीत असं वरच्या नर्सा सांगायच्या. लिहायचा मात्र कंटाळा. "तळहातावरची दोन सेंटिमीटर लिहिलीय की मी. मनगटावरची त्याहून लहान होती. टाका काहीतरी."

"काहीतरी टाकायचं असतं तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता?"

"बरं, खोलवरही टाके घातले होते का, असं काही विचारायचंय का तुम्हाला?"

"तसं मला विचारता येत नाही. उत्तर प्रश्नातच घालून द्यायचं नाही असा नियम आहे. जखम कशी शिवली ते तुम्ही लिहा, मी वाचते." आणि तिनं फोन ठेवला.

मार्लिस टुओमेला हे काम सत्तावीस वर्षं करत होती. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला डॉक्टर शिवून घरी पाठवतात. मागे उरतो त्यांनी लिहिलेला कागद. तो वाचून प्रत्येक जखमेला तिचा आकडा लावायचा. वरवर शिवली की थरांनी शिवली, शरीराच्या कुठल्या भागावर होती, किती लांब होती, हे सगळं त्यात आलं. एकाच गटातल्या, एकाच पद्धतीनं शिवलेल्या जखमांची लांबी एकत्र करायची. अडीच सेंटिमीटरपर्यंत एक आकडा, त्याच्या पुढे गेलं की दुसरा. हाताची जखम चेहऱ्याच्या जखमेत मिळवायची नाही. नुसती चिकटपट्टी लावली असेल तर ती शिवण धरायची नाही. आणि जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं समजायचं. या शेवटच्या नियमावर नव्या डॉक्टरांची आणि तिची हटकून जुंपायची.

गंमत म्हणजे मार्लिसला रक्त बघवत नसे. एकोणिसाव्या वर्षी ती नर्सिंग शिकायला मार्क्वेटला गेली होती. पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी गुडघा शिवताना तिला उभं केलं आणि ती जी कोसळली ती थेट ट्रॉलीच्या कडेवर. तिच्या हनुवटीला तीन टाके पडले. मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "पोरी, तू घरी जा." ती घरी आली, हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसली आणि पुढे तळघरातल्या रेकॉर्ड विभागात. गावातली प्रत्येक जखम तिनं वाचली होती, पण डोळ्यांनी एकही धडपणे पाहिली नव्हती.

दुकानात सामान घ्यायला गेली की गल्ल्यावरच्या बाईच्या भुवईवरची रेघ तिला तीन सेंटिमीटर म्हणून ओळखीची वाटायची. पाद्रीबुवांना एकदा टर्की पक्ष्यानं टोचलं होतं. टर्कीनं टोचण्यालाही वेगळा आकडा असतो, तो लावताना ती आणि तिच्या विभागातली ट्वायला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. पण त्या रविवारी चर्चमध्ये बुवांशी हात मिळवताना मार्लिसच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. नवऱ्यालासुद्धा तिनं ते सांगितलं नव्हतं. आर्विड पूर्वी कधीकधी विचारायचा, "आज काय विशेष?" ती म्हणायची, "काही नाही. कागद." पुढे पुढे त्यानं विचारणं सोडून दिलं.

फोन ठेवून तिनं पडद्यावर पुढची यादी उघडली. मंगळवार होता, शुक्रवारचे पेशंट आता खाली येत होते. वरून चौथं नाव होतं: टुओमेला, आर्विड जे. इमर्जन्सी. शुक्रवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

मार्लिसनं ते दोनदा वाचलं.

शुक्रवारी संध्याकाळी आर्विडच्या डाव्या हाताला पट्टी होती खरी. "सौनाच्या स्टोव्हचा पत्रा लागला," तो म्हणाला होता. "धुतलं आणि बांधलं." शनिवारी सौनात, त्या वाफाऱ्याच्या लाकडी खोलीत, तो हात बादलीबाहेर धरून बसला होता, आणि तिनं त्याला चिडवलंही होतं की, "एवढ्याशा ओरखड्याला राजासारखा बसलायस." शुक्रवारी दुपारी दोन वाजता ती इथेच होती, या खुर्चीत. तो वर येऊन शिवून गेला आणि दोन जिने उतरून तिला भेटायलाही आला नाही.

ऑगस्टमध्ये एकदा त्याच्या हाताला लागलं होतं, ऑक्टोबरमध्ये एकदा, आणि आता हे तिसऱ्यांदा. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. गावातली निम्मी स्वयंपाकघरं त्याच्या हातची. दहाही बोटं शाबूत असलेला एवढाच सुतार आपल्याकडे आहे, असं लोक म्हणायचे आणि तो लाजायचा.

नावावर एकदा बोट दाबलं की कागद उघडणार होता. पण नियम साधा होता. आपल्या घरच्या माणसाचा कागद उघडायचा नाही, शेजारच्याकडे पाठवायचा. कोण काय उघडतं याची नोंद आपोआप राहते हे तिला माहीत होतं. जावयाचा कागद चाळला म्हणून एकीची नोकरी तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. पण मार्लिसला थांबवणारी भीती ती नव्हती. इतकी वर्षं हे सगळं गाव तिच्यासमोर उघडं पडलेलं होतं आणि तरी निर्धास्त होतं, ते ती असले कागद उघडत नाही म्हणून. आर्विडसाठी नियम वाकवला तर मग उरलं काय?

तिनं नावापुढे खूण केली आणि कागद ट्वायलाकडे पाठवला.

दोन टेबलं सोडून ट्वायला चेनोवेथच्या पडद्यावर टिंग झालं. बाकीच्या सगळ्याजणी आता घरून काम करत. मार्लिसच्या घराकडे इंटरनेट धड नव्हतं आणि ट्वायलाच्या घरी सासू होती, म्हणून या दोघीच तळघरात उरल्या होत्या. ट्वायलानं चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. मग बराच वेळ तिच्या बाजूनं काहीच आवाज आला नाही. एरवी ती कागदाशी बोलत बोलत काम करायची.

बारा वाजता दोघी जेवायला बसल्या. ट्वायलानं घरून पेस्टी आणली होती, बटाटा आणि सलगम भरलेली मोठी करंजीच. तिनं ती मोडली आणि मोठा तुकडा मार्लिसपुढे ठेवला.

"हे काय? आज माझा वाढदिवस आहे का?"

"खा की मुकाट्यानं."

"ट्वायला, मला काही सांगू नकोस हं."

"मी कुठं काय सांगतेय?"

"तेच म्हणते मी."

"मग झालं तर. खा." ट्वायलानं एक घास घेतला आणि तो तसाच तोंडात धरून ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. ती नाक ओढून म्हणाली, "मिरी जास्त पडलीय आज."

मार्लिसला एकदम ऑक्टोबर आठवला. ट्वायला तेव्हा अचानक म्हणाली होती, "आजपासून मी सोडत जाईन तुला घरी. माझ्या वाटेवरच आहे." वाटेवर कुठलं? ट्वायलाचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मार्लिसनं हसून उडवून लावलं होतं, "आर्विड काय करील मग? त्याला तेवढीच हवा मिळते." तेव्हाही ट्वायलाचा चेहरा असाच झाला होता.

साडेचारला आर्विडची गाडी दाराशी आली. नोव्हेंबर अर्धा सरला होता, दिवस कलला होता आणि रस्त्याच्या कडेला पहिल्या बर्फाचे ढीग साचले होते. बारा वर्षांपूर्वी असल्याच एका संध्याकाळी मार्लिसची गाडी घसरून नाल्यात गेली होती. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तो सोडायचा, तो आणायचा. शिवाय गुरुवारी चर्चची व्हॅन घेऊन तो एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवणासाठी हॉलवर नेऊन आणायचा.

"कसा गेला दिवस?" त्यानं विचारलं.

"कागद."

मिल रोडच्या चौकात तो थांबला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे मान वळवली आणि गाडी पुढे काढली. डावीकडून बर्फ हटवणारा ट्रक येत होता. पिवळा, घराएवढा, डोक्यावर दिवा फिरणारा. मार्लिसला तो केव्हापासून दिसत होता.

"आर्विड!"

त्यानं ब्रेक दाबला. ट्रक भोंगा वाजवत समोरून गेला आणि काचेवर चिखलाची चिळकांडी उडाली.

"फार जोरात आला मेला," आर्विड म्हणाला.

"जोरात नव्हता."

उरलेला रस्ता त्यानं गाडी चालवली आणि तिनं डावीकडे पाहिलं.

घरी तिनं बटाटे आणि मासा गरम केला. जेवताना ती त्याच्याकडे बघत होती, आजवर डॉक्टरांचं लिखाण वाचत आली तसं. ऑगस्टमध्ये डाव्या हाताची मधली दोन बोटं, मागच्या बाजूनं. लाकूड धरणारा हात कापला तर बोटांच्या पोटाकडून कापतो. हे उलट होतं. पातं तिथे आहे हे ठाऊकच नसल्यासारखा हात त्याच्यावर गेला होता. ऑक्टोबरमध्ये डावं मनगट. मध्ये एकदा फडताळाचं उघडं दार कपाळाला लागून टेंगूळ आलं होतं, तेही डावीकडेच. आता पुन्हा डावा हात. आणि समोरच्या ताटलीत माशाचा तुकडा संपला होता, उजवीकडचे बटाटे संपले होते, डावीकडचे तसेच होते. आणि ताटली रिकामी झाल्यासारखा तो काटा खाली ठेवत होता.

"शुक्रवारी काय झालं?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना. स्टोव्हचा पत्रा लागला."

तिनं पुढे काही सुचवलं नाही. शेवटी म्हणाली, "यादीत तुझं नाव होतं आज."

आर्विडनं खांदे पाडले, आणि तिला वाटलं तो ओशाळेल. पण तो जरा सुटल्यासारखाच दिसला. "म्हणजे शेवटी बोललीस एकदाची."

"शेवटी म्हणजे?"

"ऑक्टोबरपासून वाट बघतोय मी तुझी."

"ऑक्टोबरात काय झालं?"

"मार्लिस, आता नाटक नको. तू वाचलंयस की सगळं."

"मी तुझं काहीच वाचलेलं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. "सत्तावीस वर्षं तिथं बसतेस तू. सगळ्या गावाचे कागद तुझ्या हाताखालून जातात."

"तुझं नाव दिसतं. मी उघडत नाही. ट्वायलाकडे पाठवते."

"कधीच नाही उघडलंस?"

"कधीच नाही."

"मूतखड्याच्या वेळी?"

"तेव्हाही नाही."

"देवा," तो म्हणाला आणि त्यानं उजव्या हातानं चेहरा झाकून घेतला. मग बोलायला लागला तेव्हा आवाज साधाच होता, एखाद्या गिऱ्हाइकाला लाकडाचा दोष समजावून सांगावा तसा.

ऑक्टोबरमध्ये टाके घालून झाल्यावर डॉक्टर नादोंनी त्याला विचारलं होतं की, पातं दिसलं नाही का? तो म्हणाला, नाही दिसलं. मग त्यांनी त्याला समोर बघायला सांगून दोन्ही बाजूंनी बोटं हलवली. उजवीकडची त्यानं बरोबर मोजली. डावीकडची मोजा म्हटल्यावर त्यानं विचारलं, "सुरू केलंत का?" डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत दोष नाही, बहुधा मेंदूत आहे, उन्हाळ्यात कधीतरी छोटा झटका येऊन गेला असेल, तुम्हाला कळलंही नसेल. आजच स्कॅन करून जा. तोवर गाडी नाही, करवत नाही. आर्विड म्हणाला, पुढच्या आठवड्यात मार्क्वेटला जाऊन करतो. तसं लिहून देऊन, सही करून घरी आला.

"डॉक्टर म्हणाले, बायकोला घेऊन या, मी समजावतो. मी म्हटलं, काही गरज नाही, ती तुमच्याच तळघरात असते, माझ्याआधी तीच वाचेल." त्यानं काटा सरळ करून ठेवला. "घरी आलो. तू काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेतलास आणि गाडीत बसलीस. मी म्हटलं, हिनं वाचलंय. वाचून बसतेय म्हणजे एवढं काही नसणार. तुला कळतं ना यातलं. मला कुठं काय कळतं?"

"आर्विड."

"रोज बसत होतीस तू."

खरं होतं ते. ती रोज बसत होती. दरवाजा ओढून, पट्टा लावून, पर्स मांडीवर घेऊन. तिच्या गप्प राहण्याचा त्यानं असा अर्थ लावला होता आणि त्याच्या गप्प राहण्यात काही अर्थ असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि दर गुरुवारी मागच्या सीटांवर सहा म्हातारी माणसं.

"मग शुक्रवारी स्टोव्ह कशाला म्हणालास?"

"तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली. म्हटलं खरं काय ते वाचशीलच."

ती त्याच्या समोर बसली होती. तिनं आपला उजवा हात, त्याच्या डावीकडचा, टेबलावरून उचलला आणि खांद्याएवढा वर धरला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. "चर्चच्या सौनाची बाकं नाताळच्या आत द्यायची आहेत," तो म्हणत होता. "दोनच राहिलीत. तेवढी झाली की जाऊच मार्क्वेटला."

"मी हात वर केलाय, आर्विड."

तो बोलायचा थांबला. "कुठला?" त्यानं विचारलं.

बुधवारी सकाळी मार्लिसनं स्वतःच मार्क्वेटला फोन करून शुक्रवारची वेळ घेतली. मग गाडीची किल्ली खुंटीवरून काढून कोटाच्या खिशात टाकली. आर्विड दारात उभा होता. "तुला बर्फात जमेल?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "नाही जमणार. पण मला दोन्ही बाजू दिसतात." हे बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण तो हसला.

हॉस्पिटलच्या आवारात तिनं गाडी दोन जागा अडवून तिरकी लावली आणि आत बसूनच पाच मिनिटं दम घेतला. जिन्यात डॉक्टर नादो भेटले. चोवीस तासांची पाळी संपवून निघाले होते, खिशातून खरंच एक लाकडी पट्टी डोकावत होती. तिला बघून ते थबकले.

"मार्लिस, मी आर्विडना दोनदा सांगितलं होतं की..."

"मला नका सांगू, डॉक्टर," ती म्हणाली. "त्याचा कागद माझ्याकडे नसतो. मला जे कळायचं ते घरी कळलंय. उद्या तुम्हाला तो फोन करेल, तेव्हा माझ्यासमोर बोला, म्हणजे झालं."

त्यांनी मान हलवली. मग काहीतरी द्यावं म्हणून म्हणाले, "तुम्ही फोनवर विचारलीत ती मनगटावरची जखम एक पूर्णांक दोन होती. काल बाई पट्टी बदलायला आल्या तेव्हा मोजली. नोंदीत घातलीय."

"बेरीज तीन पूर्णांक दोन. पुढचा आकडा लागेल." आणि ती खाली गेली.

ट्वायला आधीच आली होती. मार्लिसनं कोट काढला, किल्ली टेबलावर ठेवली. ट्वायलानं किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू चालवत आलीस?"

"हो."

"देवाची कृपा," ट्वायला म्हणाली आणि रडायलाच लागली. "महिनाभर झोप नाही ग मला. रोज तुम्ही दोघं निघालात की मी वरच्या खिडकीशी. तुला सांगावं तर ज्या तोंडानं तुझ्याशी नियमाच्या गप्पा मारते..."

"तू सांगितलं असतंस तर मी तुला बोलले असते."

"माहीत आहे."

"आणि सांगितलं नाहीस म्हणूनही आज सकाळी येताना वाटेत बोलले. मोठ्यानं. गाडीत एकटीच."

"काय म्हणालीस?"

"शिवीच होती, आणि तीही चर्चसमोर. परत सांगता येत नाही."

ट्वायला डोळे पुसत हसली. मार्लिसला हसू आलं नाही, पण तिनं कॉफीचे दोन कप भरून आणले आणि त्यातला एक ट्वायलापुढे ठेवला. दिवसभर दोघी फारसं बोलल्या नाहीत. पण ट्वायला पुन्हा कागदांशी बोलू लागली होती.

गुरुवारी मार्लिसनं अर्धी रजा टाकली आणि व्हॅन काढली. शेजारी आर्विड, मागे सहाजण. ताशी वीस मैलांच्या वर ती गेली नाही. मागून ब्याण्णव वर्षांच्या लेम्पी आजी ओरडल्या, "मार्लिस, आपण जेवायला निघालोय की मला पुरायला?"

"गप्प बसा आजी, नाहीतर दोन्ही एका फेरीत उरकीन."

"आर्विड बरा होता बाई! हॉल यायच्या आत भूक मरत नव्हती."

आर्विड समोर बघत म्हणाला, "मला आता डावीकडचं दिसत नाही, लेम्पी. तुम्ही नेहमी डावीकडे बसता."

त्यानं हे मार्लिसखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. मग लेम्पी आजी सीटाला धरून उठल्या, डगमगत उजव्या रांगेत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घे. आता तरी बघ."

शुक्रवारी मार्क्वेटमध्ये स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मेंदूच्या मागच्या भागातला एक डाग दाखवला, द्राक्षाएवढा. झटका उन्हाळ्यातलाच होता. पुढचा येऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. गेलेलं परत येईल का, असं आर्विडनं विचारलं. बाई म्हणाल्या, इतके महिने झाल्यावर सहसा येत नाही; मान वळवायची सवय करा, ती शिकवणारे लोक आहेत. मार्लिस डागाकडे बघत होती. बाजूला यंत्रानं त्याची लांबी रुंदी आपोआप लिहिली होती.

येताना साठ मैल तिनंच गाडी चालवली. बर्फ भुरभुरत होता. अर्ध्या वाटेवर आर्विड म्हणाला, "यापुढे माझा कागद आला तर वाचत जा तू."

"नाही वाचणार."

"मी परवानगी देतोय ना."

"परवानगीनंसुद्धा नाही. तू सांगत जा."

तो म्हणाला, "मग तूही काहीतरी सांगत जा. आज काय विशेष म्हटलं की कागद म्हणतेस."

रस्ता सरळ होता आणि समोर कुणी नव्हतं. मार्लिसनं विचार केला. कुणाचं नाव न घेता, गाव न सांगता काय सांगता येईल ते ती शोधत होती. "माझ्या हनुवटीवर दीड सेंटिमीटर आहे," ती शेवटी म्हणाली. "वरवर शिवलेली. गुडघा बघून मी पडले होते."

"नर्सिंग सोडलंस ते त्यानं? मला तर वाटायचं घरच्यांनी परत बोलावलं."

"मीच तसं सांगत होते सगळ्यांना."

राहिलेली दोन बाकं डेल्बर्ट कांगासनं पुरी केली. तोही सुतारच, मिल रोडवर राहणारा. आर्विड शेजारी बसून त्याला कुठे किती तासायचं ते सांगायचा आणि डेल्बर्ट मुद्दाम चुकीचं ऐकायचा, म्हणजे म्हाताऱ्याला भांडायला मिळावं. नाताळनंतर आर्विडनंच विषय काढला. टेबलासकटची मोठी विजेची करवत इथे गंजण्यापेक्षा डेल्बर्टनं नेलेली बरी.

जानेवारीच्या एका शनिवारी डेल्बर्ट आणि त्याचा भाऊ ट्रक घेऊन आले. करवत चौघांना उचलावी लागली. मार्लिसनंही एक कोपरा धरला. दारातून काढताना आर्विड म्हणाला, "डावीकडून सांभाळा," आणि मग, "म्हणजे तुमच्या डावीकडून." ट्रक गेला. चाकांच्या खुणा ताज्या बर्फात फाटकापर्यंत होत्या.

मार्लिस कॉफी घेऊन परत त्याच्या कामाच्या शेडमध्ये आली तेव्हा तो झाडू घेऊन भुसा गोळा करत होता. जिथे करवत उभी होती तिथली जमीन बाकीच्या जमिनीहून फिकी होती, बत्तीस वर्षांत उजेड न लागलेली, चार पायांच्या चार चौकोनी खुणांसकट. आजवर करवतीमुळे मधून सरळ येता येत नसे. आता ते सगळं मोकळंच होतं. कॉफी घ्यायला तो तिच्याकडे निघाला, आणि त्या फिक्या चौकोनाला वळसा घालून, नेहमीच्या जागी कंबर जराशी आत घेऊन, कडेकडेनं आला.